बाईंच्या तासाला कोणी नाही

बाईंनी मोठ्या शाळेतली कायमची नोकरी सोडली, तेव्हा नवऱ्याने कपाळाला हात लावला. नवी शाळा भरली ती त्यांच्याच गॅरेजमध्ये. मुलं आत, गाडी रस्त्यावर! नियम एकच: ज्याला ज्या तासाला बसावंसं वाटेल, त्याने तिथे बसावं. जबरदस्ती नाही. लोक हसले. हसू देत! पुढे गॅरेज पुरेना, म्हणून बंद पडलेला छापखाना घेतला, त्यावर मजला चढला, आणि हसणाऱ्यांचीच नातवंडं प्रवेशासाठी रांगेत उभी राहिली.

आणि यंदा, सत्तरी जवळ आली असताना, बाईंच्या गणिताच्या तासाला चिटपाखरूही फिरकेना. बाई आपला कोरा फळा पुसत बसायच्या. शेजारी सुतारकामाच्या खोलीत मात्र पाय ठेवायला जागा नाही.

मग एके दिवशी अचानक चार-पाच मुलं आली. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण एक मुलगी सारखी दाराकडे बघत होती.

"काय गं, कंटाळलीस?"

"सुतारसरांनी पाठवलंय. म्हणाले, बाईंना वाईट वाटतंय."

बाई तरातरा शेजारी गेल्या. सुतारसर गॅरेजमधलाच पहिला विद्यार्थी. आता त्याचेही केस पिकलेले.

"मेल्या, माझ्यासाठी माझाच नियम मोडलास?"

"बाई, तुमचा तास बंद पडला तर कसं व्हायचं?"

"मी बसेन घरी. पण एकाही पोराला ढकलून आणायचं नाही!"

म्हणाल्या खऱ्या, पण घरी बसणं त्यांना नकोच होतं. त्याच शाळेत शिकणाऱ्या नातीला त्यांनी संध्याकाळी गाठलं.

"खरं सांग, तू का येत नाहीस?"

नात घुटमळली. "आजी, तू प्रश्न विचारतेस, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत उत्तरही तूच देऊन टाकतेस."

बाईंना फार झोंबलं. सकाळी म्हणाल्या, "एकदा येऊन बघ. नाही पटलं तर पुन्हा बोलावणार नाही."

नात आली. बाईंनी फळ्यावर गणित मांडलं आणि खडू तिच्या हातात दिला. पोरगी चुकली, पुसलं, पुन्हा चुकली. उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. कसंबसं गिळलं.

मधली सुट्टी झाली. इतर खोल्यांतली पोरं बाहेर धावली. नात फळ्यापाशीच.

"आजी, सांगू नकोस हं!"

"नाही गं, नाही," म्हणत बाई खिडकीकडे वळल्या. डोळे भरून आले होते, ते तिला दिसायला नको होते.