कळकलेली कढी

"मॅडम, कारवाई झाली का?" साहेबांचा परत फोन.

"सर, मी अजून आतसुद्धा गेले नाही," मी म्हणाले. सावली तालुक्यातल्या एका गावात, महिला बचत गटाच्या खानावळीच्या दारात मी उभी होते आणि मागे निम्मं गाव गोळा झालं होतं.

"सील ठोका आणि मोकळ्या व्हा. पेपरवाले विचारतायत."

मी अन्न सुरक्षा अधिकारी. हॉटेलं, खानावळी तपासायच्या, नमुने घ्यायचे, गरज पडली तर बंद करायच्या, हे माझं काम. आदल्या दिवशी गावात मंडई होती, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली दिवाळीनंतरची जत्रा. त्या गर्दीत इथे जेवलेल्या बऱ्याच जणांना उलट्या झाल्या. सलाईन लावून सगळे घरी आले होते, कोणाच्याच जिवावर बेतलं नव्हतं.

स्वयंपाकघर माझ्या घरापेक्षा स्वच्छ निघालं. पाणी झाकलेलं, बायकांच्या डोक्याला टोप्या, नखं कापलेली. एरवी अशी जागा बघून बरं वाटतं. त्या दिवशी मात्र उलट काळजी वाढली. घाण सापडली असती तर उत्तर तरी मिळालं असतं!

एक बाई कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली होती. गटाच्या अध्यक्ष वंदनाबाई मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "थे सुशीलाबाई. कढी तिनंच केली. लोक म्हणून राह्यले का तिनं करणी केली."

"काय?"

"एकटी रायते ना मॅडम. नवरा गेला तवापासून बोलतेच लोक तिले. सकाळी घरावर गोटे मारले."

माझं डोकंच सणकलं. कारण न सांगता कुलूप ठोकून मी निघून गेले असते, तर कारण गावानंच ठरवलं असतं. मग त्या बाईचं काय झालं असतं? करणीच्या संशयावरून माणसं मेलेली आम्हाला माहीत आहेत. मी पोलीस पाटलांना दारात उभं केलं आणि कामाला लागले.

"उलट्या किती वेळानं झाल्या?" मी वंदनाबाईंना विचारलं.

"अवो, काहीच्या हातावरचं पानी बी वाळलं नव्हतं."

मी थबकले. शिळ्या अन्नातल्या जंतूंना एवढी घाई नसते, त्यांना निदान तास-दोन तास लागतात. जेवता जेवता पोट उलटलं, तर संशय विषावर नाहीतर धातूवर घ्यायचा. विचारत गेले तर उलटी झालेल्या प्रत्येकानं कढी खाल्ली होती. कढी न घेतलेले ठणठणीत होते.

"कढी कशात केली?"

"गर्दी लई होती, आमचे गंज पुरले नाई. मंग गावाचा आणला." गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. लग्नकार्यासाठी गावाची सामायिक भांडी देवळात असतात, कवडूभाऊंच्या ताब्यात. गंज पितळेचा होता. बाहेरून लखलखीत, आतूनही तसाच.

"आतून एवढा कसा चमकतो?"

"चिच आन् राख लावून घासला ना आमी! आत काळंकाळं होतं, थे पार काढलं," वंदनाबाई अभिमानानं म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. ते काळं म्हणजे उरलीसुरली कल्हई होती. पितळेतलं तांबं आंबट पदार्थात उतरलं की लगेच उलट्या होतात, म्हणून आतून कथलाचा थर देतात, ती कल्हई. कल्हईवाला गावात फिरकून वर्षं झाली होती. बायकांनी स्वच्छतेच्या हौसेनं होता-नव्हता थर खरवडला आणि त्यात आंबट ताकाची कढी करून दुपारपर्यंत ठेवली.

उरलेल्या कढीचा नमुना घेतला, पण लॅबचा रिपोर्ट यायला दिवस लागतात. बाहेरची गर्दी तेवढं थोडीच थांबणार होती? मी अंगणात दोन चुली पेटवायला लावल्या. एकीवर गंज, दुसरीवर स्टीलचं पातेलं. दोन्हींत एकच आंबट ताक. करणी करणी म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते ते कवडूभाऊच. त्यांचा नातूही आजारी पडला होता.

"भाऊ, इकडे या. दोन्ही तुम्ही ढवळा."

"मी काऊन?"

"तुमच्या हातात तर काही खोट नाही ना? मग ढवळा!"

ते घाम पुसत ढवळत राहिले. मी येरझारा घालत होते. साहेबांचा फोन वाजत होता, मी उचलला नाही. बऱ्याच वेळानं गंजातल्या ताकाला कडेनं हिरवट झाक चढली. स्टीलमधलं पांढरंच राहिलं.

"आता सांगा भाऊ, ही करणी कोणाची? तुमची?"

"अवो, हे तं कळकलं!" गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. "पितळेत ताक कळकतेच."

"मग सकाळी गोटे मारताना काऊन नाही आठवलं?" मी ओरडलेच.

गंज जप्त केला. गटाला सुधारणेची नोटीस दिली, खानावळ स्टीलच्या भांड्यांवर चालू ठेवली. साहेब चिडले. रिपोर्टमध्ये तांबं आलं तेव्हा निवळले.

त्या दिवशी चुलीपासून उठलेले कवडूभाऊ ओशाळून म्हणाले, "सुशीला, पानी दे वं जराक."

सुशीलाबाईनं पहिल्यांदाच मान वर केली. "माठ थ्या कोपऱ्यात आहे भाऊ. आपल्या हातानं घ्या."

त्यांनी घेतलं. सुशीलाबाई पुन्हा कामावर जाते, पण कढीला हात लावत नाही, असं वंदनाबाई सांगतात. मी आता कुठेही गेले की आधी भांड्यात आतून बघते. आणि लोकांनी एखाद्या बाईचं नाव पुढे केलं, की कुलूप पिशवीतच ठेवते.