मोठ्या सुट्टीतली लंगडी

मी पाचवीत होते तेव्हा माझ्या डाव्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट असायचा. तीन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि तो पाय बारीकच राहिला. सोलापुरातल्या आमच्या शाळेभोवती दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालायचा. मोठ्या सुट्टीची घंटा झाली की मुलींचा आवाज त्याच्याही वर चढायचा. सगळ्या मुरमाच्या मैदानावर पळायच्या आणि मी पायरीवर बसून त्यांच्या चपला राखायचे. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा एकीनं चपला माझ्यापाशी काढल्या आणि मग ते माझं कामच होऊन बसलं. आईनं वर्गाच्या बाईंना बजावून ठेवलं होतं, हिला पळू देऊ नका.

दिवाळीनंतर वर्गात एक नवी मुलगी आली. विणकराची. घरी तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी जपून बोलायची. दोन दिवस तीही माझ्याशेजारी पायरीवर बसली. तिसऱ्या दिवशी मैदानात लंगडीचा डाव रंगला होता. आखलेल्या चौकोनात एक गट पळत होता आणि दुसऱ्या गटातली एकेक मुलगी एका पायावर उड्या मारत त्यांना शिवत होती. दुसरा पाय टेकला की बाद. ती बराच वेळ पाहत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्याला एकच पाय लागतो की."

मला राग आला की आनंद झाला, ते आजही नीट सांगता येत नाही. पण मी बुटाचे पट्टे सोडले. तो पाय घराबाहेर मी कधी उघडा केला नव्हता. तो आपणहून वर राहत नसे, म्हणून मागे दुमडून घोटा हातानं धरला आणि तिच्या खांद्याच्या आधारानं चौकोनापर्यंत गेले. समोरच्या मुली म्हणाल्या, हातानं पाय धरणं नियमात नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, हिनं धरला तर चालेल.

माझा उजवा पाय इतकी वर्षं दोघांचं ओझं ओढत आला होता. त्यात एवढा जोर आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. पहिली मुलगी मुद्दाम हळू पळाली, तिला शिवले. दुसरी खरंच पळाली, तिलाही शिवले. तिसरीमागे वळताना तोल गेला आणि मी तोंडावर पडले. गुडघा फुटला, हनुवटी सोलली.

बाई धावत आल्या. खेळ बंद करा म्हणाल्या आणि मला उचलायला वाकल्या. तेव्हा ती नवी मुलगी पुढं झाली.

"बाई, तिला पडू द्या की. आमी पण पडतो."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग भोवती जमलेल्या मुलींच्या खरचटलेल्या गुडघ्यांकडे. त्यांनी मला ऑफिसात नेऊन आयोडीन लावलं. संध्याकाळी त्या माझ्याबरोबर घरी आल्या आणि आईशी बोलल्या. आईनं सगळं ऐकून घेतलं, चहा केला, आणि बाई गेल्यावर पाठमोरी भाकरी थापत बसली. मला वाटलं, संपलं.

सकाळी तिच्या हातात कापडाचा पट्टा होता, वडिलांच्या जुन्या पायजम्याचा, दुहेरी शिवलेला. तिनं तो माझ्या कमरेला बांधला आणि घोटा त्यात अडकवून पाहिला.

"आता दोन्ही हात मोकळे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी रोज खेळले. पळायची पाळी आली की मी सगळ्यांत आधी बाद व्हायचे आणि माझ्याच गटातल्या मुली माझ्यावर चिडायच्या. ते चिडणं मला फार आवडायचं. शिवायला मात्र मला शेवटी ठेवत, उरलेल्या चपळ मुलींसाठी. मी कुणाला शिवले की नवी मैत्रीण तेलुगूत मोजायची, ओकटी, रेंडू, मूडू. काही दिवसांत सगळा वर्ग तसंच मोजू लागला.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी पाय तपासला. मांडी दाबून पाहिली, कंबर पाहिली आणि घरी कोणता व्यायाम करून घेता, असं आईला विचारलं. आई सांगू लागली. चौकोन केवढा असतो, एका दमात ही किती जणींना शिवते, पडली तर कुठला हात टेकून उठते. डॉक्टर लिहायचे थांबून ऐकत राहिले. हे सगळं तिला कुठून ठाऊक, मला कळेना. मग लक्षात आलं, मोठ्या सुट्टीत ती शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभी राहत असणार.