भालचंद्रपंतांचं विलायती पाणी

भालचंद्रपंतांना एक खोड होती आणि तिचा मला फार वैताग यायचा. गिऱ्हाईक दुकानाशी येऊन ‘पंडितजी, एक विलायती पानी देना’ म्हणालं की हे बाटली हातात धरून आधी त्याला दुरुस्त करायचे. ‘विलायती नहीं, भैया. हमारे घर के कुएँ का पानी है.’ तो बिचारा उन्हातून आलेला, घशाला कोरड पडलेली. त्याला विहीर कुणाची याच्याशी काय कर्तव्य! पण पंतांचं वाक्य पुरं झाल्याशिवाय बाटलीच्या तोंडातली काचेची गोळी खाली जायची नाही.

लष्कर भागात नई सडकेवर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच होतं, त्यामुळे हे वाक्य मी दिवसाला चाळीस वेळा ऐकलं असेल. त्या पाण्याला नावं तरी किती! पलटणीतले शिपाई सोडावाटर म्हणत. कॉलेजची पोरं काहीही प्यायली तरी लेमनच प्यायली म्हणत, मग बाटलीत आल्याचा सोडा का असेना. आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी एकच नाव, विलायती पाणी. तेच पंतांना झोंबायचं. बाप देवळाचे पुजारी. पूजा थोरल्या भावाकडे गेली आणि धाकट्याने, म्हणजे पंतांनी, कुठूनसं सोड्याचं जुनं यंत्र आणलं. तेव्हापासून त्यांच्या आई, अनसूयाबाई, लेकाच्या धंद्याचं नाव काढत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, “भालू नई सडकेवर असतो.”

लोकांची शंका पाण्यावर नव्हती, चामड्यावर होती. यंत्राच्या पंपात चामड्याचा वायसर असतो आणि पाणी त्याला लागून येतं, ही गोष्ट कुणीतरी देवळात सांगितली. झालं, दक्षिणी ब्राह्मणांची सगळी घरं तुटली. मग पंतांनी रबराचा वायसर बसवला आणि दुकानावर पाटी लावली, ‘शुद्ध सोडा. चामडे नाही.’ घरं परत आली. पण रबर चार दिवसांत सैल पडलं. वारा निसटायचा, सोडा मेल्यासारखा निघायचा. पंधरा दिवस पंतांनी दम धरला आणि एके दुपारी माझ्याकडे येऊन खालच्या आवाजात म्हणाले, “कान्होजी, किला गेटला तुमच्या ओळखीचा मोची आहे ना?”

त्यांनी मोच्याकडे जाणं बरं दिसलं नसतं. आम्ही पडलो जातीने शिपाईगडी, आम्हाला कोण विचारतो! चामड्याचे वायसर मी आणायचो, मीच कापायचो आणि मीच बसवायचो. पाटी तशीच राहिली. अकरा वर्षं.

अकराव्या वर्षी ज्येष्ठात अनसूयाबाईंना ऊन लागलं. चार दिवस पोटात घोटभर पाणी ठरेना. डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि म्हणाले, “गार सोडा घोट घोट द्या. तो टिकला तर वाचतील.” म्हातारीने डोळे उघडले. आवाज पार खोल गेला होता. “भालू, तुझ्या त्याला चामडं लागत नाही ना? नसेल लागत तर दे. लागत असेल तर मला असंच जाऊ दे.”

पंत तिथून उठले. तडक माझ्याकडे आले, दारातच बसले आणि हे सगळं सांगितलं.

मी म्हटलं, “पंत, नाही म्हणा आणि मोकळे व्हा. तिला काय दिसणार आहे? जीव वाचतोय.”

“अकरा वर्षं गावाला सांगतोय, कान्होजी. तिला नाही सांगवत. रबर आहे तुमच्याकडे?”

सायकलची जुनी ट्यूब होती. त्यातून मी चकत्या कापून दिल्या. पण त्या दिवशी यंत्राला हात लावायला मी चालत नव्हतो! इतकी वर्षं ज्या हातांनी त्याची आतडी उलटीपालटी केली ते हात घेऊन मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि बाहेरून सांगत गेलो, डावीकडे फिरवा, आता दाबा. राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण पंतांकडे पाहिलं की राग टिकत नव्हता. राखेने यंत्र घासलेलं, सोवळ्यात विहिरीचं पाणी शेंदून आणलेलं, ओलं धोतर अंगाला चिकटलेलं. चाक फिरवून फिरवून दंड भरून आले होते. सात बाटल्या फुकट गेल्या. आठवीत जरा दम होता, पण गोळी तोंडाशी धड चिकटेना. मग ती बाटली उलटी धरून, बोटाने तोंड दाबून, भर उन्हात पंत घराकडे निघाले. मी मागोमाग गेलो.

फुलपात्रातून त्यांनी एक घोट दिला. आम्ही थांबलो. ओकारी आली नाही. दुसरा दिला. घटकाभराने अनसूयाबाईंनी लहानशी ढेकर दिली आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून त्या चक्क हसल्या. मग लेकाचा हात धरून म्हणाल्या, “हे तर आपलंच पाणी रे. उगीच मी इतकी वर्षं मनात ठेवलं. सगळ्यांना हेच देतोस ना?”

पंत म्हणाले, “हो, आई.”

म्हातारी वाचली. वाचली आणि देवळातल्या बायकांना सांगत सुटली, माझ्या भालूच्या सोड्याला चामडं नाही, मी स्वतः प्यायले आहे. धंदा वाढला. पाटी काढायची आता सोयच उरली नाही. आणि दर एकादशीला त्या एक बाटली मागत. पंत पहाटे सोवळ्यात येऊन चामडं काढत, रबर घालत, तास-दीड तास चाकाशी झटत, ती एक मिळमिळीत बाटली उलटी धरून घरी नेत आणि परत येऊन मला म्हणत, “कान्होजी, तेवढं पुन्हा बसवा.” सहा वर्षं हे चाललं. माणूस पार वाकला.

अनसूयाबाई गेल्यावर तेरावं उरकून त्यांनी दुकान उघडलं. पहिलाच आला तो एक शिपाई. “पंडितजी, विलायती पानी है?”

मी हातातलं घड्याळ खाली ठेवलं आणि त्या वाक्याची वाट पाहत राहिलो. पंतांनी गोळी आत दाबली, बाटली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “है.”

शिपाई गेल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ओल्या फडक्याने फळी पुसत होते.

“चामडं न लागलेलं घरच्या विहिरीचं पाणी ती एकटीच प्यायली, कान्होजी,” ते म्हणाले.