दोषी, पण वेडा

विल्फ हॉकरिजसमोर गावात कुणी 'वेड' हा शब्द काढत नसे. लेन पर्फिट या खाटकाच्या बायकोला गुलाबांचं वेड होतं, पण विल्फ दुकानात शिरला की त्या वेडाची नुसती आवड होई. पबमध्ये कुणी सरकारच्या वेडेपणावर तोंड सोडलेलं असलं, तर त्याला दारात पाहून खोकायचं आणि म्हणायचं, "सरकारचा हा... उत्साह." मग सगळे आपापल्या बिअरमध्ये बघत बसत. विल्फला त्यांचा राग येत नसे. पण आपण आत आलो की एक शब्द मागच्या दाराने निघून जातो, हे त्याला कळे. त्या शब्दाची रिकामी खुर्ची तेवढी त्याच्या वाट्याला येई.

युद्धाआधी तो गाड्यांची चाकं घडवायचा. एका पहाटे त्याने मालकाच्या डोक्यात लाकडी हातोडा घातला. मालकाचा चेहरा चढवून कुणी भलताच कामावर आलाय, याला संपवलं की खरा मालक परत येईल, अशी त्याची खात्री झाली होती. खरा मालक परत आला नाही. कोर्टापुढे प्रश्न एवढाच उरला: आपण काय करतोय आणि ते वाईट आहे, हे याला कळत होतं का? ज्यूरी म्हणाली, "दोषी, पण वेडा." त्या 'पण'ने त्याचा फास चुकवला आणि राजाची मर्जी असेल तोवर त्याला टेकडीवरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं.

वर त्याचं बरं चाललं. डोकं गढूळ पाण्यासारखं हळूहळू निवळलं. केलेलं तळाशी दिसू लागलं, आणि दिसतच राहिलं. मग त्याच्याकडे क्रिकेटच्या मैदानाची निगा आली. गवताशी त्याचं जमलं. वरच्यांचा, म्हणजे रुग्णांचा, संघ तालेवार होता, मात्र सगळे सामने घरच्याच मैदानावर. "आपण कुणाकडे जात नसतो," हळू फिरकी टाकणारा म्हातारा क्लॉड म्हणे. "लोकांनी आपल्याकडे यावं."

राजा गेला, राणी आली, आणि तिच्या मर्जीने विल्फ सुटला. थोरल्या बहिणीच्या, डोराच्या हवाली. तो वर असताना डोरा टेकडीखालच्या गावात येऊन राहिली होती, लोकांचे कपडे शिवत होती. तिला आता एकच हवं होतं: तो या गावाचा व्हावा. त्यालाही तेच हवं होतं. लोक चांगले होते, फार चांगले. त्या चांगुलपणाला कुठून हात घालावा, हेच त्याला उमगत नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात गावच्या संघाचा कप्तान पर्फिट याला एक खेळाडू कमी पडला. सामना वरच्यांशी होता.

"येशील का?" पर्फिटने चाचरत विचारलं. "म्हणजे, तुला तिथे... काही वाटणार नसेल तर."

"खेळपट्टी ओळखीची आहे," विल्फ म्हणाला.

शेवटची जोडी उरली. जिंकायला चार धावा. समोर विल्फ, चेंडू क्लॉडच्या हातात. चेंडू तरंगत आला, टप्प्यावर वळला, आणि यष्टिरक्षकाने झेलला. क्लॉडने अपील केलं. पंच म्हणजे इस्पितळाचा जुना रखवालदार. त्याने क्षणभर विल्फकडे मायेने पाहिलं आणि मान हलवली. नाबाद.

बॅटची कड लागली होती. केसाएवढी, आवाज झाला नव्हता, फक्त मुठीत काहीतरी थरथरलं होतं. इतर कुणालाही ते कळणं शक्य नव्हतं.

विल्फने बॅट काखेत घातली आणि तो तंबूकडे चालू लागला.

"अरे, परत फिर!" सीमेवरून पर्फिट ओरडला. "नाबाद दिलंय तुला! वेडा झालास का?"

पर्फिटचा चेहरा त्याच्या दुकानातल्या मालासारखा लाल झाला. डोराच्या हातातली चहाची किटली तशीच अधांतरी राहिली.

"नाही, लेन," विल्फ म्हणाला. "लागली होती. मला कळलं."

"वेडे इकडे आहेत, मिस्टर पर्फिट," क्लॉड लांबून म्हणाला. "तो तुमच्यातला. घेऊन जा."

आधी वरचे हसले. मग रखवालदार, मग गाव. विल्फही हसला, जरा उशिरा, हात न धुता पंगतीला बसलेल्या माणसासारखा.

चहाच्या वेळी पर्फिट थांबायचं नाव घेईना. इतक्या वर्षांचा तुंबलेला शब्द त्याच्या तोंडून धो धो वाहत होता. "ठार वेडा. चार धावा! पंच नाही म्हणतोय आणि हा निघाला. असला वेडेपणा माझ्या हयातीत..." प्रत्येक वेळी त्याची बायको त्याला कोपर मारी, आणि तो आणखी चढे. विल्फ काकडीचं सँडविच सावकाश खात होता. त्याला दोष दिला जात होता, सरळ, तोंडावर, पुढे कसलाही 'पण' न जोडता. ऊन पाठीवर चांगलं लागत होतं.

डोराने केकचा मोठा तुकडा कापला. विल्फला वाटलं आपल्याला. तो तिने पर्फिटपुढे सरकवला.

"घ्या. बोलून बोलून घसा सुकला असेल."

पर्फिटने निमूट घास घेतला. मग भरल्या तोंडानेच विल्फकडे वळला.

"पण खरंच लागली होती?"

"लागली होती."

"मग झालं," पर्फिट म्हणाला, आणि त्याने बायकोकडे आणखी चहा मागितला.