अकरा दहाला नाना बोलले

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोणी अंगात आलं वगैरे सांगायला लागलं की मी आधी बीपी तपासायला सांगते. आमच्या बौद्ध घरात अंगारे-धुपाऱ्यांना थारा नाही आणि मी तर चार पावलं पुढचीच... त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण लिहिते.

भिवंडीजवळच्या वडपे गावचे नाना माझे पेशंट. वय बहात्तर, तीन गोदामांचे मालक. त्यांना लकव्याचा झटका आला तेव्हा मुलाने गाडीत घालून तासाभरात ठाण्याला पोहोचवलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं. वाचा गेली, पण महिन्याभरात काठी टेकत चालू लागले.

माझी जनीआत्या त्यांच्याच वयाची. भिवंडीत माझ्याजवळच राहते. हातपाय चालत होते तोवर नानांच्याच गोदामात पॅकिंग करायची. तिला त्याच सुमारास पहिला झटका आला. मी ट्रेनिंगसाठी पुण्याला होते. शेजाऱ्यांनी तिला गणेशपुरीच्या पुढे तेल चोळणाऱ्याकडे नेलं, मग दवाखान्यात, मग तिथल्या बाकावर ताटकळत... इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत केव्हाच टळली. उजवा पाय ओढतच राहिला. फिजिओच्या घरात हे झालं, याची मला अजून लाज वाटते.

त्या मंगळवारी मी नानांकडून हाताचे व्यायाम करून घेत होते. झटक्यापासून त्यांच्या तोंडून 'बाबाबा'शिवाय काही निघालं नव्हतं. अचानक त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि स्वच्छ म्हणाले,

"जनी पडली. आत्ता."

जनी माझी आत्या, हे मी त्या घरात कधी बोललेच नव्हते. तिच्यावरून माझी जात कळली तर उगाच माझा चहाचा कप वेगळा व्हायचा, ही जुनी भीती! भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा झाले होते.

समोर नानांच्या बायको शेंगा सोलत होत्या. "काकू, काय म्हणाले हे?"

"काय न्हाय गो. रोजचाच बाबाबा."

मी घरी फोन लावला. कोणी उचलेना. तशीच स्कूटी काढली.

आत्या स्वयंपाकघरात पडलेली. तोंड वाकडं, आता डावा हात लुळा. शेजारच्या शबानाभाभीला ती नुकतीच अशी पडलेली दिसली होती. रिक्षाही दारात आणलेली.

"तेलवाले के पास ले चलते हैं, पिछली बार भी..."

"भाभी, हाथ जोडती हूँ. ठाणा चलो!"

कशेळीच्या पुलावर ट्रकमागे ट्रक. आत्याचं डोकं माझ्या मांडीवर, तोंडातून लाळ गळतेय आणि मी रिक्षावाल्यावर नुसती ओरडतेय.

हॉस्पिटलात स्कॅन झाला. डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं केव्हा सुरू झालं?"

घड्याळात एक वाजला होता. मी सकाळी साडेसातला निघाले तेव्हा ती ठीक होती. त्यानंतर ती पडेपर्यंत तिला कोणीच पाहिलं नव्हतं. साडेसात धरले तर इंजेक्शन नाही. खोटी वेळ सांगितली आणि चुकली, तर त्याच इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होऊन ती माझ्या हाताने जायची... हे शिकलेली बाई आहे मी.

"अकरा दहा."

"तुम्ही समोर होतात?"

"...हो."

मी संमतीच्या कागदावर सही केली.

आत्या वाचली. हात हळूहळू उचलते. पुढच्या आठवड्यात मी नानांना एकटं गाठून विचारलं, "नाना, जनी कोण?" ते म्हणाले, "बाबाबा."

आत्यालाही विचारलं, "नाना तुला ओळखायचे का गं?"

ती वाकड्या तोंडाने हसली. "मालक कशाला वळखतील मना?"

भास म्हणा, योगायोग म्हणा... काहीही म्हणा. मला राग मात्र आहे. नानांना वाचायला मुलाची गाडी पुरली. माझ्या आत्याला तेच इंजेक्शन मिळायला एवढं अघटित घडावं लागलं.