आठ ग्रह आणि एक मुसळ

१९६२च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले आणि आम्ही मल्लेश्वरममधल्या आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकून राहायला गेलो. अष्टग्रहीमुळे भूकंप होणार, ज्वालामुखी फुटणार, असं जो तो सांगत होता. बंगळूरच्या आसपास ज्वालामुखीच नाही, हे मी आईला सांगून पाहिलं.

"नसला तर येईल," ती म्हणाली.

मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणजे मला सगळंच कळत होतं.

आमचं घराणं बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, त्यामुळे इथली एक रीत आमच्यात मुरली होती. ग्रहणात पितळी परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं करायचं. ग्रहण असेतो ते आधाराशिवाय उभं राहतं, सुटलं की पडतं. आईने ही रीत अष्टग्रहीला लावली आणि परात तंबूच्या दाराशी मांडली. मुसळ पडेपर्यंत कुणी छपराखाली जायचं नाही. आमच्या मुसळाला खाली लोखंडाची चांगली रुंद कडी होती. ते एरवीही मजेत उभं राहिलं असतं, पण हे बोलायची सोय नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेवढे अंघोळीला घरात जाऊन येत. अंघोळीच्या वेळी भूकंप होत नाही, असं त्यांचं मत होतं.

अडचण होती ती अक्काची. माझी ही थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल पायाळू आहे, कळा सुरू झाल्या की लगेच घेऊन या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण दवाखाना दगडी आणि दुमजली. आई म्हणाली, सुईण तंबूत येईल.

अक्काचे यजमान बेळगावकडचे, इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांनी सासूबाईंना समजावलं, "आई, चंद्र जमिनीला किंचित ओढतो, खरं आहे. पण ग्रह फार लांब आहेत. त्यांच्यापेक्षा समोरून जाणाऱ्या बैलगाडीने जमीन जास्त हादरते."

"मग बैलगाड्याही स्वल्प लांबूनच जाऊ देत," आई म्हणाली. भावोजींनी चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

आईला हसणं सोपं होतं आणि मी मनसोक्त हसले. पण तिचा एकुलता भाऊ फौजेत होता. क्वेट्ट्याच्या भूकंपात तो झोपेतच भिंतीखाली गेला. का, ते तिला कुणी सांगू शकलं नव्हतं. हे ग्रह निदान आगाऊ सांगून येत होते.

पंचांगाप्रमाणे अष्टग्रही सुटली. शेजारी आपापल्या घरी गेले. आमचं मुसळ उभंच. एका दुपारी अक्काला कळा सुरू झाल्या. भावोजी धावत जाऊन घोड्याचा जटका घेऊन आले. आई तंबूच्या दारात आडवी उभी राहिली.

"मुसळ पडू दे. स्वल्प थांब."

मला भयंकर संताप आला. आई वळली आणि कोपऱ्यातल्या देवांच्या डब्याशी काहीतरी करत बसली. अक्का उठली, पोट धरून परातीपर्यंत गेली आणि मुसळाला पायाने ढकलून दिलं. केवढा तरी आवाज झाला.

"पडलं," अक्का म्हणाली. "चला."

आईने मागे पाहिलं. "सरी, ठीक आहे, सुटलं," म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी जटक्यात चढून बसली.

मुलगी पायांकडून आली, निळी पडलेली. बराच वेळ रडलीच नाही. आणखी उशीर झाला असता तर काही हाती लागलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आई त्या दगडी छताखाली, छताकडे बघत बसून होती. मूल रडलं तेव्हा तिने मान खाली घातली आणि तीही रडली.

पुढे कित्येक वर्षं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ग्रह सुटले त्या क्षणी मुसळ कसं आपोआप पडलं ते. अक्का ते ऐकून घ्यायची. मला मात्र ते ऐकवेना. भाची शाळेत जायला लागली त्या वर्षी, अवरेच्या शेंगा सोलताना आईने ती गोष्ट पुन्हा काढली आणि मी तडकले.

"आई, ते अक्काने पायाने पाडलं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यासाठीच तर मी पाठ फिरवली. माझ्या हातून नसतं पडलं."

आणि तिने सोललेले दाणे माझ्या ताटात सारले.