जमिनीची रेघ

माझा स्वभाव तापट आहे हे आमच्या घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. रोह्यात आमच्या आळीत मला फटकळ बाई म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणतात. त्यामुळे गेल्या मार्गशीर्षात पेणहून ताईचा फोन आला आणि ती म्हणाली, "गो, माझ्या गच्चीवरचं ऊन गेलं," तेव्हा मी काय केलं असेल? तिच्यावर खेकसले.

"ऊन गेलं म्हणजे? कुठे गेलं?"

"त्या बिल्डिंगीनं खाल्लं. वरचा मजला चढला ना आता. दीडलाच सावली येते."

ती बिल्डिंग माझी. मालकीची नव्हे, नकाशा माझा. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, लायसन असलेली बाई. बांधकामाचे नकाशे काढायचे, सही-शिक्का मारून परवानगीला घालायचे, साइटवर जाऊन गवंड्यांशी भांडायचं, हा माझा धंदा. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हापासून आमचं घर त्या सहीवरच चालतं. आणि ताईच्या शेजारच्या प्लॉटचं काम मला मिळालं होतं ते ताईमुळेच. प्लॉटचे मालक आमचे शाळेतले सर, आता रिटायर. ताईनेच त्यांना सांगितलं होतं, "बाहेरचा इंजिनिअर कशाला शोधता, माझी बहीण हाय ना."

हायवे रुंद झाला आणि वडखळपासून पेणपर्यंत जो तो गाळे काढायला लागला. सरांनीही काढले. खाली गाळे, मध्ये ऑफिसं, सगळ्यात वर लग्नाचा हॉल. हॉलवर त्यांचा फार जीव. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे उंचीची मर्यादा ठरलेली असते, तिच्यावर वीतभरही जाता येत नाही. हॉल त्या मर्यादेत कसाबसा बसला. बसला म्हणून सरांनी मला पेढे दिले होते, ते मी मिटक्या मारत खाल्ले.

ताईचं घर त्या बिल्डिंगच्या पूर्वेला, एकमजली. भावोजी गेले तेव्हा तिने पोळपाट हातात घेतला तो अजून खाली ठेवलेला नाही. पोह्याचे पापड आणि मिरगुंडं. चार बायका लाटायला येतात, खाली पडवीत लाटतात आणि वर गच्चीवर जुन्या सुती साड्या अंथरून वाळत घालतात. पापडाचं एक वेळ भागतं. मिरगुंडाला मात्र खणखणीत ऊन लागतं, दोन दिवस. अर्धवट सुकलेलं रात्रभर राहिलं की त्याला आंबूस वास धरतो, आणि एकदा वासाचा माल गेला की गिऱ्हाईक पुन्हा त्या दारात येत नाही. बिल्डिंगचे खालचे मजले झाले तेव्हाच तिचं ऊन पाचवरून तीनवर आलं होतं. तेवढं तिने चालवून घेतलं. आता तीनचं दीड झालं.

"ताई, सगळं नियमात आहे," मी म्हणाले. "उन्हाचा काय सातबारा असतो का तुझ्या नावावर?"

तिने फोन ठेवला. चार दिवसांनी सरांचा फोन आला, आवाज चढलेला. "अगं, तुझ्या बहिणीने हरकत घेतलीय! उंची जास्त आहे म्हणून परवानगीच्या ऑफिसात अर्ज दिलाय लेखी. सुनावणी लागलीय."

माझं डोकंच फिरलं. माझ्या सहीवर हरकत, आणि तीही सख्ख्या बहिणीची! तिला उंचीतलं काय डोंबल कळतं? मी तिरीमिरीत फाईल काढली. म्हटलं, एकेक माप लिहून तिच्या तोंडावर मारते. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, पट्टी लावली आणि खालून वर मोजत निघाले. जोतं बरोबर, मजले बरोबर, गच्चीचा कठडा बरोबर. सगळं मर्यादेच्या आत. मग नुसती सवय म्हणून पट्टी परत खाली आणली आणि जमिनीच्या रेघेवर ठेवली, आणि हात तिथेच थांबला.

ती रेघ मी कुठून घेतली होती ते मला आठवलं.

हे जरा सांगायला हवं. आमचा भाग खाडीचा, खारेपाटातला. इथे घर बांधायचं म्हणजे आधी भराव. शेताच्या खाचरात मुरुमाचे डंपर ओतायचे, रस्त्याच्या वर येईपर्यंत. भराव कुठवर करायचा ते कागद बघून कुणी ठरवत नाही. मोठ्या पुराचं पाणी शेजारच्या भिंतीवर कुठवर चढलं होतं ती खूण बघतात आणि तिथवर भरतात. त्याच्या वर जी येते तिला आम्ही जमीन म्हणतो. खालचं पाण्याचं, ते कुणी हिशेबात धरत नाही. आमच्याकडे लहान पोरही तसंच बोलतं. सरांचा प्लॉट मी मापला तेव्हा भराव आधीच झाला होता. मी लेव्हलचं यंत्र लावलं, आणि मापाची उभी पट्टी धरायला माणूस नव्हता म्हणून ताईने धरली. तिच्याच भिंतीवरच्या पुराच्या खुणेला टेकवून. "हितवर पाणी होतं गो," ती म्हणाली, आणि मी तीच जमिनीची पातळी म्हणून लिहिली.

नियमात उंची मोजतात ती मूळ जमिनीपासून, भरावापासून नाही. पुण्याचा कुणी इंजिनिअर असता तर त्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की मूळ जमीन कुठे आहे? मला तो सुचलाच नाही. मी भरावावर जन्मलेली. डिप्लोमा केला, वीस वर्षं नकाशे काढले, तरी जमीन म्हटलं की डोळ्यांपुढे मुरूमच आला. भराव माझ्या छातीएवढा होता. तेवढी उंची कमी केली असती तर लग्नाचा हॉल बसलाच नसता.

आधी शिव्या दिल्या त्या स्वतःला, मग सरांना, मग त्या मुरुमाला. ताई बरोबर होती. तिला मापातलं काही कळत नव्हतं, ती नुसती गच्चीवर उभी राहून बोलत होती, आणि ती बरोबर होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने पेणला गेले. नागोठणं आलं, कासू आलं, माझ्या डोक्यात एकच: हिला कसं सांगू? ताई पडवीत पीठ मळत होती. बायका यायच्या होत्या. मी बसलेही नाही, उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

तिने हात थांबवले नाहीत. "म्हंजी चूक तुजी?"

"माझीच."

"मग वरचा मजला?"

"मी उद्या साहेबांपुढे कबूल केलं की पाडावा लागेल. तुझं तीनपर्यंतचं ऊन परत येईल."

"आन तुला काय होईल?"

"लायसन जाईल. निदान काही वर्षं तरी. चुकीची पातळी मीच प्रमाणित केलीय, त्यावर माझी सही आहे."

तेव्हा कुठे तिने हात थांबवले. माझ्याकडे बघत राहिली. "आणि तुमच्या घरात खायचं काय गो? त्यांची कंपनी तर बंद."

"ते मी बघीन. मी कबूल करणार आहे, ताई. ठरलंय माझं."

"आली मोठी इंजिनेर," ती म्हणाली आणि परत मळायला लागली. मला वाटलं, चिडलीय. मग बायका आल्या, चौघी, आणि एकीने मला ऐकू जाईल असं म्हटलं, "उद्या बघतोच आमी, कसा हॉल ऱ्हातो तो." ताईने त्यांच्या हातात लाटणी दिली. मी रात्री तिथेच राहिले. आम्ही दोघी जेवलो, पण त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात लाकडी बाक. एका बाजूला सर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाईल. दुसऱ्या बाजूला ताई आणि तिच्या मागे त्या चौघी. मी मधे, कुठल्या बाजूला बसावं तेच कळेना म्हणून भिंतीला टेकून उभी. मी मनात वाक्य घोकत होते: साहेब, जमिनीची पातळी माझ्याकडून चुकीची घेतली गेली. बस, एवढंच बोलायचं.

आमचा नंबर आला. साहेब तरुण होते, घाईत होते. त्यांनी अर्ज उलटापालटा केला. "उंची जास्त आहे असं तुमचं म्हणणं. कशावरून?"

मी तोंड उघडलं. त्याआधी ताई उठली.

"साहेब, माजी हरकत नाय."

"म्हणजे?"

"मागं घेते. मला नीट समजलं नव्हतं. रागात अर्ज दिला."

मागे एक बाई "अगं!" करून ओरडली. दुसरीने ताईचा पदरच धरला. ताईने तो सोडवून घेतला, वळून बघितलंही नाही. सर बाकावर सरळ झाले. त्यांना काय समजलं कुणास ठाऊक, पण चेहरा खुलला.

"तसं लिहून द्या," साहेब म्हणाले. ताईने कागद घेतला. तिचं अक्षर मोठं आणि हळू आहे. ती लिहीत होती तोवर सगळं ऑफिस वाट बघत होतं. मग साहेबांनी नकाशावरचा शिक्का बघितला आणि मान वर केली.

"मॅडम, नकाशा तुमचा ना? तुम्हाला काही सांगायचंय?"

ताईने माझ्याकडे बघितलं. डोळे वटारून. लहानपणी मी आईसमोर काही बरळायला लागले की ती असेच वटारायची. पण मी लहान नव्हते, पन्नाशीची होते, आणि वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते पाच सेकंद मला अजून झोपू देत नाहीत. मला घर दिसलं, नवरा दिसला, शिक्क्याची ती डबी दिसली.

"नाही," मी म्हणाले.

खरं सांगते, त्या क्षणी मला लाज नाही वाटली. सुटले असं वाटलं. लाज जिन्यावर वाटली, ताई माझ्या पुढे उतरत होती तेव्हा. तिच्या चौघी तिला सोडून रिक्षा करून निघून गेल्या होत्या. सरांनी तिला पैसे चारले असं त्यांनी वाडीभर पसरवलं. दोघींनी लाटायला येणं सोडलं. ताईने कुणाला खरं सांगितलं नाही. मी म्हटलं, "मी सांगते त्यांना." तर म्हणाली, "गप बस. एवढं केलं ते वाया घालवू नको."

हॉलमध्ये लग्नं लागायला लागली. सरांनी पहिल्या लग्नाचं आमंत्रण ताईला आग्रहाने दिलं. ती गेली नाही, आणि मीही गेले नाही. मी आता प्रत्येक प्लॉटवर मूळ जमीन खणून बघते, लोक हसतात. त्याने ताईचं काही परत येत नाही हे मला माहीत आहे. सरांना खरं सांगावं असं रोज सकाळी वाटतं आणि रोज संध्याकाळपर्यंत राहून जातं.

होळी झाल्यावर एका सकाळी तिचा फोन आला. मी घाबरतच उचलला, म्हटलं आता बोलणार, आता मला सुनावणार. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. पण तिचा आवाज नेहमीचाच, कामातला. मागे पाट्यावर काहीतरी वाटल्याचा आवाज येत होता.

"गो," ती म्हणाली, "सकाळच्या गाडीने मी पीठ घेऊन रोह्याला येईन म्हणते, दोन-तीन दिवस. तुझ्या गच्चीवर ऊन किती वाजेपर्यंत असतं?"



"दिवसभर," मी म्हणाले.